काडतुसातला कापूस

मे २०२४च्या अखेरीस अकोला जिल्ह्यात १४४ कलम लागलं, तेव्हा बाहेरगावच्या लोकांनी घाबरून फोन केले. त्यांना वाटलं, दंगल झाली. दंगल नव्हती. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता आणि जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदीचं कलम उन्हावर लावलं होतं. मूर्तिजापुरात अशा दिवसांत दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. माणसं कूलरपुढे, जनावरं गोठ्यात, लोणच्याची बरणी माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. आणि काही मोजक्या घरांत टिनाखाली, कपाटाच्या माथ्यावर, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक खोका. त्यात वीस-पंचवीस काडतुसं.

लोणच्याची जागा घरातल्या बाईने विचार करून ठरवलेली असते. खोक्याची जागा कुणीच ठरवलेली नसते. तो मुलांच्या हाताला लागू नये म्हणून वर गेलेला असतो, एवढंच. पण टिनाच्या घरात सगळ्यात तापणारी जागा तीच.

ही काडतुसं येतात कुठून? वऱ्हाडात परवान्याची बंदूक म्हणजे बहुतेकदा पीक संरक्षणाची बारा बोअर. तूर शेंगांवर आली की रोही येतात, ज्वारी-हरभऱ्यात रानडुकरं घुसतात, आणि शेतकरी रात्रभर जागलीला बसतो. बंदुकीचा उपयोग बहुतेक वेळा आवाजापुरता. जनावर मारायचं तर वनखात्याची परवानगी हवी. आजोबांनी कधीकाळी परवाना काढला, तो मुलाकडे आला, आता नातवाच्या घरात आहे. काही घरांत ३१५ बोअरची रायफलही असते. ब्रिटिश फौजेची प्रसिद्ध ३०३ सामान्य नागरिकाला वर्ज्य, म्हणून सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी ही दुसऱ्या मापाची रायफल काढली. शिवाय निशाणेबाजीचा सराव करणारी मुलं-मुली आहेत. त्यांच्याकडचा साठा शेकड्यांत नाही, हजारांत मोजायचा.

वर्तमानपत्रात पोलिसांच्या कारवाईची बातमी येते तेव्हा काडतूस नेहमी ‘जिवंत’ असतं. ‘एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसं जप्त.’ हा शब्द ठाण्याच्या पंचनाम्यातून आला आणि मराठीत रुळला. त्याचा साधा अर्थ न उडालेलं. पण रसायनशास्त्रज्ञाला विचारलं तर तो म्हणेल, शब्द अगदी बरोबर आहे. काडतूस उन्हाने तापतं, दमटपणाने सडतं, गोठ्याच्या वाऱ्याने तडकतं आणि म्हातारं होतं.

एक काडतूस हातात घेऊन पाहू. रायफलचं आहे. पितळेची पुंगळी, तोंडात घट्ट बसवलेली टोकदार गोळी. बुड उलटं केलं की मधोमध एक छोटी गोल टिकली दिसते, ती टोपी. चाप ओढला की बंदुकीची सुई हिच्यावर आदळते, आतला चिमूटभर स्फोटक मसाला पेटतो आणि त्याची ठिणगी पुंगळीतल्या दारूत जाते. बुडावर अक्षरं ठोकलेली असतात. ‘के एफ’ असेल तर माल खडकीचा. किर्की फॅक्टरी या जुन्या नावाची ती आद्याक्षरं. पुण्याजवळचा हा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. २०२१च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे, आणि आपल्याकडच्या वरणगाव, भंडारा, चांदा इथल्या कारखान्यांची मालकीणही तीच. बारा बोअरचं काडतूस याहून जाड, अंगठ्याएवढं. बुडाला पितळी वाटी, वर प्लास्टिकची नळी, आत छर्रे. पूर्वी ही नळी कागदाची असे. एका पावसाळ्यात कागद फुगायचा आणि ऐन वेळी काडतूस नळीत शिरायचंच नाही.

आता आतली दारू. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा; ठासणीच्या बंदुकीत भरायची ती. आजच्या काडतुसात ती नसते. आज असतात करड्या-हिरवट रंगाचे बारीक दाणे किंवा चकत्या, ज्यांचा धूर जवळजवळ होत नाही. आणि हे दाणे मुळात कापूस आहेत.

यात अतिशयोक्ती नाही. सरकीवर रुई काढून झाल्यावर जो आखूड तंतू चिकटून राहतो, तो शुद्ध सेल्युलोज असतो. त्यावर आम्लांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. बिनधुराच्या दारूचा तो पाया. १८४५-४६च्या सुमारास बाझेल शहरातले प्राध्यापक क्रिस्टियान शोनबाइन यांना हा शोध लागला. आख्यायिका अशी की, घरात सांडलेलं आम्ल त्यांनी बायकोच्या सुती अॅप्रनने पुसलं, अॅप्रन चुलीपाशी वाळत घातला आणि तो एकदम भडकून नाहीसा झाला. गोष्ट खरी असो वा नसो, कापसाचा हा अवतार युरोपाने उचलून धरला. लगेच कारखाने निघाले आणि तितक्याच लगेच उडालेही. १८४७च्या जुलैत इंग्लंडमध्ये फॅव्हरशॅमचा कारखाना कामगारांसकट उडाला. कारण पुढे उलगडलं. तंतूच्या पोकळीत आम्लाचा अंश राहत होता आणि तोच कापसाला आतून खात होता. १८६५च्या सुमारास फ्रेडरिक एबल यांनी कापसाचा लगदा करून तो पुन्हा पुन्हा धुण्याची रीत काढली. १८८४मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याचीच घट्ट, शिस्तीत जळणारी दारू बनवली. तिचे वंशज आज मूर्तिजापूरच्या त्या खोक्यात आहेत.

मूर्तिजापूरला हे नातं लांबचं वाटायला नको. यवतमाळहून आणि अचलपूरहून पूर्वी इथे येऊन मिळणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी कापसासाठीच टाकलेली. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायच्या आणि मुंबईमार्गे विलायतेला जायच्या. कापूस कसा सांभाळायचा हे इथल्या जिनातला हमालही सांगतो. ओला माल गंजीत घालू नये, आत ऊब धरते. गाठीच्या पोटात ठिणगी गेली तर बाहेर काही दिसत नाही, दोन दिवसांनी पेट घेते. काडतुसातला कापूसही याच जातीचा, फक्त जास्त चिडका.

तो चिडतो कशाने, तर उष्णतेने. नायट्रोसेल्युलोज स्वस्थ कधीच बसत नाही. ते अगदी सावकाश, वर्षानुवर्षं विघटत असतं आणि त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात. हे वायू तिथेच राहिले तर विघटन आणखी जोरात होतं. म्हणून कारखान्यात दारूमध्ये डायफिनाइलअमाइनसारखा स्थिरक मिसळतात. तो सुटलेला वायू गिळत बसतो. स्थिरक शिल्लक आहे तोवर दारू निरोगी. संपला की ती झपाट्याने कुजते. अशा रासायनिक क्रिया तापमान दहा अंशांनी वाढलं की ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. म्हणजे पंचवीस अंशांच्या माजघरात जे व्हायला चार वर्षं लागतील, ते पंचेचाळीस अंशांच्या माळ्यावर साधारण एका वर्षात होईल. कपाटाच्या माथ्यावर, टिनापासून हातभर खाली, पारा बाहेरच्यापेक्षाही वर चढतो. उन्हात उभ्या जीपच्या डॅशबोर्डवर तर विचारूच नका.

दारू कुजली तर काय होतं याचा फार महागडा धडा फ्रेंच नौदलाने घेतला. तुलाँ बंदरात १९०७मध्ये ‘इएना’ आणि १९११मध्ये ‘लिबर्ते’ या त्यांच्या दोन युद्धनौका आतल्याआत उडाल्या आणि शेकडो खलाशी मेले. शत्रू जवळपासही नव्हता. संशयाचं बोट जहाजाच्या गरम कोठारात म्हातारी झालेल्या त्यांच्याच बिनधुराच्या दारूकडे गेलं. घरातल्या खोक्याचं जहाज होणार नाही. बारा बोअरच्या पंचवीस काडतुसांतली सगळी दारू काढली तरी पन्नास ग्रॅमच्या आतच भरेल. इथे कुजण्याचा परिणाम वेगळा होतो. बार फुसका जातो, किंवा गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि पुढचा बार नळीच फाडतो. जागलीवर रात्री दोन वाजता नळीत गोळी अडकली आहे की नाही, हे बॅटरीच्या उजेडात कोण बघतं?

याउलट तापलेलं काडतूस लगेच उडवलं तर दाब नेहमीपेक्षा जास्त होतो. हा तोटा वेगळा, पण कारण तेच.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न. घराला आग लागली तर?

विदर्भात हा प्रश्न निघाला की पुलगाव आठवतंच. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६च्या मध्यरात्रीनंतर आग लागली, स्फोट झाले. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेल्या जवानांसह किमान सोळा माणसं गेली. आसपासची गावं रात्रीत रिकामी करावी लागली. तिथे पेटले होते रणगाडाविरोधी सुरुंग. सुरुंगात टीएनटीसारखं स्फोटक असतं, त्याचं कामच स्वतः फुटून भोवतालचं फोडणं. एक फुटला की शेजारचा फुटतो. काडतुसातली दारू जळते, आणि तिची ताकद गोळी चारी बाजूंनी बंद नळीत असेल तेव्हाच दिसते. म्हणूनच मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सुरुंग सगळ्यात घातक गटात आहेत आणि छोट्या शस्त्रांची काडतुसं ‘१.४ एस’ या सगळ्यात सौम्य गटात. त्या गटाचा अर्थ असा की अपघात झालाच तर परिणाम खोक्यापुरता राहावा.

अमेरिकेतल्या शस्त्र व काडतूस उत्पादकांच्या संस्थेने आग विझवणाऱ्यांसाठी यावर एक फिल्मच काढली. काडतुसांचे ढीग जाळले, उंचावरून टाकले, बुलडोझरखाली चिरडले. दिसलं ते असं. बंदुकीबाहेर काडतूस पेटलं की आधी पितळी पुंगळीच फाटते. पुंगळीचे हलके तुकडे उडतात आणि गोळी जवळपास तिथेच पडते. लाह्या फुटल्यासारखा तडतडाट होतो. जवळ उघड्या डोळ्यांनी उभं राहू नये, पण हेल्मेट आणि जाड कपडे घातलेला अग्निशामक आग विझवू शकतो. एक काडतूस फुटलं म्हणून सगळा खोका एकदम उडत नाही. दारूला पेट घ्यायला साधारण दीडशे अंशांच्या पुढची उष्णता लागते, तेव्हा मे महिन्यातलं ऊन कितीही रागीट असलं तरी ते काडतूस उडवू शकत नाही. ते त्याला फक्त म्हातारं करतं.

यात दोन अपवाद आहेत. पहिला, भरलेली बंदूक. आगीत नळी तापली की आतलं काडतूस खरोखरच गोळीसारखं सुटतं, आणि नळीचं तोंड ज्या दिशेला असेल तिकडे जातं. जागलीवरून पहाटे परत आलेला माणूस दमलेला असतो; दोन्ही नळ्यांत एल.जी., म्हणजे मोठ्या छर्र्यांची काडतुसं, तशीच ठेवून तो बंदूक कोपऱ्यात टेकवतो आणि झोपतो. त्या घरात धोका खोक्यात नाही, कोपऱ्यात आहे. आग लागायचीही गरज नाही, पाच वर्षांचं पोर पुरे. दुसरा अपवाद जाड पोलादाच्या हवाबंद तिजोरीचा. आतला दाब बाहेर पडायला वाटच नसली तर जळणं आणि फुटणं यांतला फरक पुसला जातो. म्हणून ‘जितकं भक्कम तितकं बरं’ हा सराफी हिशेब इथे उलटा पडतो. कुलपाचं साधं पत्र्याचं कपाट किंवा जाड फळ्यांची लाकडी पेटी बरी. आग विझवायला गाडी आली तर घरात काडतुसं आहेत आणि कुठे आहेत, हे जवानांना पहिल्या मिनिटात सांगायचं. लाजेपोटी हे लपवलं जातं.

उष्णतेइतकाच वाईट दमटपणा, आणि इथे वऱ्हाडातली एक गंमत आहे. उन्हाळ्यात इथली हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून लोकांना वाटतं, मे महिन्यात गंज कसला? पण त्याच महिन्यात घरोघर कूलर चालू असतो. वाळ्याच्या ताट्यातून आलेली ओली हवा रात्रंदिवस एकाच खोलीत फिरते, आणि त्या खोलीतलं लोखंडी कपाट आतून घामेजतं. काडतुसांवर आधी मंद डाग येतात, मग हिरवी पूड. चामड्याच्या पट्ट्यात खोवून ठेवलेल्या काडतुसांची गत आणखी वाईट. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पितळ खातात, आणि पट्ट्याच्या प्रत्येक कप्प्यात हिरवं कडं उमटतं. फोटोत दिसतो तसा रुबाबदार पट्टा फोटोपुरताच वापरावा.

पण पितळेची सगळ्यात विलक्षण गोष्ट हिंदुस्थानातच घडली. ब्रिटिश फौजेच्या लक्षात आलं की पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडतात. ना कुणी ठोकलं, ना कुणी उडवलं; पाऊस सरल्यावर खोकी उघडावीत तर पुंगळ्या तडकलेल्या. ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून इंग्रजांनी त्याला ऋतूचंच नाव दिलं. कोडं नीट सुटायला १९२१ उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी गुन्हेगार पकडला. तो होता अमोनिया. पावसाळ्यात मोहिमा थांबायच्या, दारूगोळा तबेल्यांत ठेवला जायचा, आणि घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया दमट हवेत मिसळून पितळेवर बसायचा. थंड पितळ ओढून पुंगळी घडवताना धातूत जो ताण राहतो, त्या ताणाच्या रेषेवर अमोनिया नेमका घाव घालायचा. उपाय साधा निघाला. पुंगळी घडवल्यावर तिला नीट तापवून ताण घालवायचा. कारखाने ते करतात. तरीही हा शत्रू मेलेला नाही.

कारण मूर्तिजापूरच्या घरात घोडा नसला तरी गोठा आहे. गोठ्यामागच्या खोलीत युरियाची पोती आहेत, ओलसर जमिनीवर ठेवली की डोळ्यांना झोंबणारा वास सोडणारी. आणि ‘इथे कोण येतंय’ म्हणून काडतुसांचा खोका नेमका त्याच खोलीत, पोत्यांच्या मागे लपवलेला. चोरापासून लपवण्याची ती जागा उत्तम असेल, पितळेला मात्र तीच सगळ्यात वाईट. फवारणीची औषधं, बॅटरीचं आम्ल, फरशी पुसायचं अमोनियाचं द्रावण, रंगाचं थिनर, यांच्या शेजारीही काडतूस ठेवू नये.

मग ठेवावं कुठे? घरातल्या सर्वांत थंड, सर्वांत कोरड्या, तापमान फार न हलणाऱ्या जागी. वऱ्हाडातल्या जुन्या मातीच्या घरात ती जागा म्हणजे माजघर, सिमेंटच्या घरात आतली भिंत. बाहेरची पश्चिमेची भिंत नको, ती संध्याकाळपर्यंत भट्टी होते. जमिनीपासून वीतभर वर, फळीवर. काडतुसं कारखान्याच्या मूळ खोक्यातच राहू द्यावीत. खोक्यावर माप, छर्र्याचा नंबर आणि बनावटीची तारीख असते, आणि त्यात काडतुसं एकमेकांवर घासत नाहीत. सगळी काडतुसं एका डब्यात ओतणारे लोक असतात. पुढे त्यात बारा बोअरबरोबर वीस बोअरचं एखादं मिसळतं. ते बारीक असल्याने बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं, आणि नळी रिकामी समजून मागून दुसरं भरलं तर नळी फाटते, बरोबर बोटंही जातात. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, दर पावसाळ्याआधी बदलाव्यात. आणि काडतुसांना तेल लावू नये. बंदुकीला तेल लावतात म्हणून हौशी माणूस काडतुसंही पुसतो, ते तेल टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि मसाला मारून टाकतं.

जुनी आधी, नवी नंतर. हा हिशेब कोठीघरात तुरीच्या डाळीला आपसूक लावला जातो, काडतुसांना सहसा लावला जात नाही. दुकानातून नवा खोका आला की तो वर जातो, आणि खालचा वीस वर्षं तसाच.

आता ‘मोठा साठा’ म्हणजे किती? अमेरिकेतल्या काही राज्यांत माणूस तळघरात दहा-दहा हजार काडतुसं ठेवतो आणि कुणी विचारत नाही. भारतात १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम यांनी हा प्रश्न घरमालकाच्या हातातच ठेवलेला नाही. परवान्यावर दोन आकडे लिहिलेले असतात. एका वेळी जवळ किती काडतुसं ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील. पिकाच्या बंदुकीसाठी हा हिशेब थोडक्यातला असतो. त्याहून एक काडतूस जास्त सापडलं तरी तो गुन्हा. परवाना मागताना शस्त्र आणि काडतुसं सुरक्षित ठेवण्याची लेखी हमीही द्यावी लागते. २०१९च्या दुरुस्तीने माणशी तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, आणि वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला.

खरा मोठा साठा कायदेशीरपणे असतो तो नेमबाजांकडे. फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्राने त्यांच्या सरावाची मर्यादा वाढवली. पॉइंट बावीसची काडतुसं वर्षाला १००० होती ती ५०००, आणि छर्र्याच्या बंदुकीची ५०० होती ती ५०००. एवढी लागतात का? लागतात. १ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं, ४५१.४ गुणांनी. नोकरी तेव्हा मध्य रेल्वेत, तिकीट तपासनीसाची. मूर्तिजापूर स्टेशन ज्या रेल्वेचं, त्याच रेल्वेत. त्या एका सकाळीमागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे, आणि या खेळात सराव काडतुसांतच मोजतात.

पाच हजार म्हणजे किती जागा? पॉइंट बावीसचं काडतूस साडेतीन ग्रॅमच्या आतलं. पाच हजारांचं वजन सतरा किलोच्या घरात, एका सुटकेसएवढं. छर्र्याच्या काडतुसांची गोष्ट निराळी. ती पाच हजार झाली तर वजन दोन क्विंटलांच्या जवळपास जातं, कापसाच्या १७० किलोच्या गाठीपेक्षा जड. साध्या कपाटाच्या फळ्या त्याने वाकतील. ते जमिनीलगत, भिंतीशी, दोन-तीन ठिकाणी वाटूनच ठेवावं लागतं. पॉइंट बावीसचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याला मधली टोपी नसते. मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे कड कुठेही जोरात ठेचली तर ते उडू शकतं. पॅन्टच्या खिशात नाणी-किल्ल्यांबरोबर ते टाकून फिरणाऱ्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं.

साठा लहान असो वा मोठा, बंदूक एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या, किल्ल्या वेगळ्या, आणि त्या परवानाधारकाकडेच. किल्ली देवघरातल्या खिळ्यावर टांगली तर ती घरातल्या प्रत्येकाला माहीत असते, पाहुण्यांच्या मुलांनाही. काडतुसांची नोंद एका वहीत असावी. किती आणली, किती उडवली, किती उरली. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि ठाण्याने शस्त्र जमा करायला सांगितलं की या वहीची किंमत कळते.

फुसक्या काडतुसाचं काय करावं? चाप ओढला, ‘टक’ झालं, बार नाही. नळी तशीच निर्जन दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. कधीकधी मसाला उशिरा पेटतो. मग काढलेलं काडतूस कचऱ्यात टाकू नये, विहिरीत नाही, चुलीत तर नाहीच, आणि भंगारवाल्याला पितळेच्या भावाने मुळीच देऊ नये. पुलगाव भांडाराजवळच २० नोव्हेंबर २०१८ला निकामी करायला नेलेला जुना दारूगोळा फुटून सहा जण मेले. प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालचं काम होतं ते. घरात पक्कड घेऊन काडतूस उघडू पाहणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

शेवटची अडचण रसायनाची नाही, कागदाची. परवानाधारक वारला की त्या क्षणापासून घरातली बंदूक आणि काडतुसं कायद्याच्या दृष्टीने कुणाचीच नसतात. तेराव्याच्या गडबडीत कुणाला आठवत नाही. शस्त्र कायद्याचं २१वं कलम सांगतं, विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. वारसाला परवाना मिळाला की परत मिळेल. पुढे दहा वर्षांनी घर पाडताना, किंवा मुलगा जुनी बॅग घेऊन नागपूर विमानतळावर उभा असताना, आतल्या कप्प्यात एक काडतूस निघतं. १९७२मध्ये गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. त्या आधारावर अशी माणसं पुढे सुटू शकतात. पण आधी विमान चुकतं, मग ठाणं, वकील, तारखा.

तेव्हा मृगाचा पाऊस यायच्या आत, कूलर काढताना, वडिलांची ती पेटी एकदा उघडून पाहा. हिरवी पूड, चिरा किंवा आंबूस वास आला तर काही काढू नका, पुसू नका, पिशवीत घालून एसटीने नेऊ नका. परवान्याचं पुस्तक हाताशी घ्या आणि ठाण्यात आधी फोन करा.